शेवंताबाईच्या टाचा

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये चिठ्ठी निघाली आणि शेवंताबाईला काही सुचेनासं झालं. भाजीत दोनदा मीठ पडलं, चहात एकदाही साखर पडली नाही.

निपाणीच्या बसस्टँडामागच्या चर्चमध्ये दरवर्षी पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या भोजनाला आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. बारा जण कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. आता पाय धुऊन घेण्यात कसली आलीय चढाओढ, असं तुम्हाला वाटेल. पण माणूस शेवटी माणूसच. ज्याचं नाव निघतं तो आठवडाभर ताठ मानेनं फिरतो, नवे कपडे शिवतो, आणि त्याचे सोयरे पुढच्या बाकावर मोबाईल धरून बसतात. शेवंताबाईचा नवरा देवाप्पा, त्याची चिठ्ठी वीस वर्षांपूर्वी एकदाच निघाली होती. पुढे मरेपर्यंत त्यानं ती कुणाला विसरू दिली नाही.

शेवंताबाई स्वतः एकतीस वर्षं त्या चर्चची झाडलोट करत आली होती. सकाळी विड्या वळायच्या, दुपारी चर्च पुसायचं. पवित्र गुरुवारी तांब्या, परात, टॉवेल मांडायचे आणि सगळं आटोपलं की परातीतलं पाणी उचलायचं, हेही तिच्याचकडे. ते पाणी इतकं नितळ असायचं, की त्यातच फडकं बुडवून ती व्हरांडा पुसून काढायची. चांगलं पाणी वाया कशाला घालवायचं? त्या बारा खुर्च्या तिनं एकतीस वेळा मांडल्या होत्या आणि एकतीस वेळा उचलल्या होत्या. गेल्या काही वर्षांपासून बायकांच्याही चिठ्ठ्या पडू लागल्या, तेव्हापासून ती दरवर्षी श्वास रोखून बसायची. एकदा तरी आपण बसावं आणि दुसऱ्यानं वाकावं, एवढंच तिला हवं होतं. मागणं फार मोठं नव्हतं, पण तिनं ते कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि या वर्षी नाव निघालं. सहावी खुर्ची.

सोमवारपासून ती उंबऱ्यात बसून वजरीनं टाचा घासायला लागली. जन्माच्या भेगा त्या, चार दिवसांत थोड्याच जाणार होत्या? शेजारच्या राजमतीआक्कानं खोबरेल तेलात मेण वितळवून आणून दिलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. या आक्का जैन, पण शेवंताबाईच्या घरचा नाताळ त्यांच्याशिवाय होत नसे.

"शेवंता, गुरुवारी फादर तुजं पाय धुणार न्हवं?"

"व्हय की."

"मग तू आत्ताच का धुतीस गं?"

"घाण पाय कसं पुढं करायचं, आक्का? सगळीच धुऊन येत्यात."

"मग त्यो फादर धुतो तरी काय?" राजमतीआक्का म्हणाल्या आणि स्वतःच हसत आत गेल्या.

पुण्याहून मुलाचा, सौरवचा, रोज फोन यायचा. "आई, चर्चातली मिस्सा मोबाईलवर लाईव्ह दिसती. मी ऑफिसातनं बघणार हाय. आणि पानी आणा, टॉवेल द्या, असं कुनी म्हटलं तर उठायचं न्हाय. आता जरा आधी स्वतःचं बघायला शिक. जग असंच चालतंय."

"न्हाय उठत बाबा," ती म्हणायची, आणि तिला ते मनापासून पटलेलं असायचं.

गुरुवारी संध्याकाळी ती अर्धा तास आधीच पोचली. अबोली रंगाची साडी, केसांत गजरा, आणि पर्समध्ये कागदात गुंडाळलेली वजरी. ऐनवेळी टाचेवर काही दिसलं तर असावी हाताशी. सातव्या खुर्चीवर नागेंद्र, हायवेवरच्या टायरच्या दुकानाचा मालक. त्यानं फोटोग्राफर लावला होता आणि पायात पांढरे मोजे घातले होते, धूळ लागू नये म्हणून. बाराही जण चकाचक. कुणाच्या नखात काळी रेघ सापडली नसती.

उपदेश संपत आला. फादरनी कमरेला टॉवेल बांधला. शेवंताबाईच्या छातीत ढोलकी वाजायला लागली. आणि तेवढ्यात तिच्या नजरेला पडलं, की वेदीजवळ परात आहे, टॉवेल आहेत, पण पाणी कुठंच नाही. या वर्षी ते काम गाणाऱ्यांतल्या दिव्या नावाच्या मुलीकडं दिलं होतं, आणि ती गाण्याच्या वहीत डोकं घालून बसली होती. एक क्षण शेवंताबाईला सौरवचं बोलणं आठवलं. पण एकतीस वर्षांची सवय ती, आधी पाय उठले आणि मग डोकं.

ती पाण्यानं भरलेली बादली घेऊन आली, तर सहाव्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती.

बाजूच्या दारातून आली असावी. मांडीवर कैऱ्यांची रिकामी बुट्टी, तोंडाला पदर, वर पंखा. उन्हानं चेहरा काळवंडलेला. नागेंद्र दबक्या आवाजात तिला बोलत होता. "ओ मावशी, उठा. ही जागा बुक हाय. कॅमेरा चालू हाय."

"जरा चक्कर आली बाबा. बेडकिहाळच्या बसला येळ हाय, म्हनून टेकले," म्हातारी म्हणाली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठू लागली.

शेवंताबाईला राग आला, तो खराच आला. देवा, एकतीस वर्षांत एकदा, आणि तेही तुला बघवलं नाही? साऱ्या चर्चमध्ये बसायला हीच खुर्ची सापडली हिला? बाकीचे अकरा जण समोर भिंतीकडं बघत होते, जणू भिंतीवर काहीतरी लिहिलंय. कुणी हललं नाही. मग तिची नजर खाली गेली. म्हातारीच्या पायांवर शेतातली माती, त्यावर रस्त्याची धूळ, त्यावर कैरीचा चीक. एका अंगठ्याला चिंधी, एका चपलेला तार. त्या रांगेत धुवायला झालेले पाय एवढेच दोन होते.

तिनं बादली खाली ठेवली आणि म्हातारीच्या खांद्यावर हात दाबला.

"बसा आक्का. नाव काय तुमचं?"

"गुणाबाई. व्हय गं, जागा कुनाची तरी हाय म्हनं?"

"तुमचीच हाय. आमचं फादर आज पाय धुत्यात. चालंल न्हवं तुमास्नी?"

"माजं पाय?" गुणाबाईनं ते खुर्चीखाली ओढून घेतले. "लई घाण हाईत बाई."

"म्हनूनच तर," शेवंताबाई म्हणाली, आणि हे बोलताना तिला एकदम हसू फुटलं. राग कुठं गेला, तिलाच कळलं नाही.

पहिले पाच जण भराभर झाले. फादर सहाव्या खुर्चीपुढं आले, शेवंताबाईकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता गुडघ्यावर बसले. तांब्यातली धार पडली मात्र, परातीतलं पाणी चहासारखं झालं.

"शेवंताबाई, आणखी पाणी."

ती पळाली. पन्नाशी ओलांडलेली बाई साडी खोचून बादली घेऊन पळते आहे आणि सगळं चर्च माना वळवून बघतं आहे. तेही पाणी त्याच परातीत पडून गढुळलं. ती परत पळाली. गाणाऱ्यांची कडवी संपली, त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या बाकांवरची पोरंसोरं उभी राहिली. टाचेवरचा मातीचा थर काही केल्या निघेना, तेव्हा शेवंताबाईनं पर्स उघडली आणि फादरच्या हातात वजरी ठेवली. फादर हसले आणि खसाखसा घासायला लागले. नागेंद्रचा फोटोग्राफर नागेंद्रला सोडून गुणाबाईच्या पायांचे फोटो काढत होता. शेवंताबाई शेजारी बसून पाणी ओतत होती, आणि तिला एवढा आनंद झाला होता, की गजरा सुटून परातीत पडला तरी तिचं लक्ष नव्हतं.

साडेसातच्या बसला गुणाबाईला तिनंच नेऊन बसवलं. "लई हलकं वाटतंय गं," खिडकीतून गुणाबाई म्हणाली. "आनि तुजं पाय कवा धुत्यात?"

"बघू की," शेवंताबाई म्हणाली.

परत येईस्तोवर फोन वाजला. सौरव चिडला होता. "आई, खुर्चीवर तू न्हाईस. कुनी उठवलं तुला?"

"कुनी न्हाय रं. मीच उठले."

"मी सगळ्यांना सांगून ठेवलं हुतं गं. मला तू दिसलीच न्हाईस."

"बादली घिऊन पळताना दिसली न्हाय?"

मग तो म्हणाला, "दिसलीस. किती जोरात पळत हुतीस." आणि तो हसतोय की काय, हे तिला कळेना.

चर्च रिकामं झालं होतं. तिनं बारा खुर्च्या उचलल्या आणि फडकं घेऊन सवयीनं परातीपाशी बसली. फडकं बुडवायला हात पुढं केला आणि थांबली. तळाला बोटभर माती बसली होती, वर गजऱ्याची चार फुलं तरंगत होती. या पाण्यानं व्हरांडा पुसता येणार नव्हता. तिनं परात दोन्ही हातांनी उचलली आणि बाहेर नेऊन शेवग्याच्या मुळाशी ओतली. एकतीस वर्षांत हे पाणी तिला पहिल्यांदाच ओतून द्यावं लागलं.