तिच्या हातचा दिवा

सकाळी संग्रहालयाची खिडकी उघडली की वच्छला ओल्या फडक्यानं एकेक टोपी पुसून घ्यायची. लहान मापाच्या एका बाजूला, मोठ्या मापाच्या दुसऱ्या बाजूला. नागपुरात प्रताप नगरच्या पलीकडे, जिथं त्या काळी शहर संपून ज्वारीची वावरं लागत, तिथं कोळसा कंपनीनं हे खाणीचं संग्रहालय बांधलं होतं. आत जुनी यंत्रं होती, जमिनीच्या थरांचे नकाशे होते आणि सगळ्यांत शेवटी जमिनीखाली तयार केलेली खोटी खाण होती. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहिलं की तो खडखडत खाली निघायचा. उतरायचा जेमतेम दोन पुरुष खोल; पण अंधारामुळं आणि आवाजामुळं पाताळात चाललो असं माणसाला वाटायचं. शाळेची पोरं किंचाळत, बाया एकमेकींना धरत आणि सगळे हसत वर येत.

वच्छला त्यांना टोपी द्यायची, टोपीवरचा दिवा लावून द्यायची आणि वर आल्यावर परत घ्यायची. ती स्वतः कधी खाली गेली नव्हती. जा म्हणून कोणी म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही म्हटलं नव्हतं. तिलाही जावंसं कधी वाटलं नाही. खरं तर अलीकडे तिला फारसं काही वाटतच नसे. दुपारी डबा उघडायची, खायची, झाकण लावायची. भाजी कशाची होती असं कोणी विचारलं असतं तर तिला आठवून सांगावं लागलं असतं.

तिचा नवरा रुपराव नागपूरच्या उत्तरेकडल्या एका खऱ्या खाणीत कामाला होता. एका सकाळी छत कोसळून त्याखाली तो गेला. कंपनीनं घरातल्या एकाला नोकरी देऊ केली. धाकटा दीर भैय्याजी आधीपासूनच त्या खाणीत होता, म्हणून ती वच्छलेला मिळाली. बाईमाणसाला खाली उतरू देत नाहीत. तिला वर बत्तीघरात बसवलं. खाली जाणारा प्रत्येक माणूस बत्तीघराच्या खिडकीतून आपला दिवा घेतो. दिव्याशिवाय कोणाला पिंजऱ्यात चढता येत नाही.

पहिल्याच दिवशी रांगेतला पहिला माणूस खिडकीशी आला, तिच्या मोकळ्या कपाळाकडे त्यानं पाहिलं आणि तो मागे सरला. "दुसऱ्या कोनाच्या हातून द्या," तो हळूच म्हणाला. कोणी शिवी दिली नाही, कोणी ओरडलं नाही. रुपरावला खांदा देणारीच माणसं होती ती. पण काळोखात उतरण्याआधी विधवेचं तोंड पाहायचं, तिच्या हातचा दिवा घ्यायचा, हे कोणाच्या मनाला पटेना. काही दिवसांनी एकाचा पाय कोळशाच्या गाडीखाली सापडला. त्या सकाळी त्याचा दिवा तिनं दिला होता. माणसं साहेबाकडे गेली. साहेबानं तिला बोलावून घेतलं.

"तुम्हाला नागपूरला पाठवतो," तो म्हणाला. "तिथली खाण खोटी आहे. तिथं कोणी मरत नाही."

त्याला वाटलं, आपण तिच्यावर दयाच केली.

घरीही सासू रंभाबाईनं पायगुणाचं बोलणं सुरू केलं होतं. सणावाराला वच्छला मागच्या खोलीत बसायची. बाहेर बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या की मग उठून भांडी घासायची. तिनं ट्रंक भरली तेव्हा तिला कोणी थांब म्हटलं नाही. सक्करदऱ्याला तळ्याच्या अंगाला तिनं खोली घेतली. भैय्याजीचं लग्न झालं तेही तिला बाजारात भेटलेल्या एका बाईकडून कळलं. आपल्यामुळंच रुपराव गेला का, असा प्रश्न सुरुवातीला तिला पडे. मग तोही पडेनासा झाला. इतकी माणसं म्हणतात तर असेल, असं धरून ती चालू लागली.

एका रविवारी संग्रहालयाचे रखवालदार चंपतराव खिडकीशी आले. लोकांना खाली नेऊन माहिती सांगायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"वच्छलाबाई, आज तुमच्याच खाणीतली मानसं येऊन राहिली. घरच्या बायाही येतील. उगाच कोनाच्या मनात काही नको. तुम्ही मागच्या खोलीत बसा. टोप्या मी देतो."

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

मागच्या खोलीत माठ होता, तुटक्या टोप्या होत्या आणि एक स्टूल. बाहेर गाडी थांबली, माणसांचा गलका झाला. त्यात तिनं रंभाबाईचा आवाज ओळखला. ऐकून आत काही हललं नाही. ती स्टुलावर बसून राहिली.

थोड्या वेळानं दारात एक नवी नवरी आली. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कपाळाला घाम.

"पानी भेटन का ताई? गाडीत लय गरम झालं."

वच्छलेनं गिलास भरून दिला. पोरगी दाराला टेकून प्याली.

"तुमी नाही येत खाली?"

"मी इथंच कामाले हाय."

"मले तं भेव लागते. पन पाहाचं हाय. आमचे हे रोज खऱ्या खानीत उतरते. विचारलं तं काही सांगत नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हे कामाले निघाले का सासूबाई मले दारात उभं करते. दुसरं कोनी आडवं येऊ नाही मनते. आमच्या मोठ्या जाऊबाई होत्या, त्यायच्या पायगुनानं जेठ गेले मनते. मी नाही पाह्यलं त्यायले. बत्तीघरात होत्या तं मानसं त्यायच्या हातचा दिवा घेत नव्हते."

"वच्छला नाव तिचं," वच्छला म्हणाली.

"तुमाले कसं माहीत?"

"मीच हाय ते."

पोरीच्या हातातला गिलास तसाच राहिला. आता ही जाईल, असं वच्छलेला वाटलं. त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. सवयच झाली होती. पण पोरगी गेली नाही.

"माहं नाव जया," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ताई, जेठ कसे गेले?"

"छत पडलं."

"काहून पडलं?"

वच्छलेनं तिच्याकडे पाहिलं. रुपराव गेल्यापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनंही कोणाला विचारलं नव्हतं.

"मले नाही माहीत."

"पायगुन, पायगुन सारेच मनते. पन वरून दगड पडला तो काहून पडला, हे कोनी सांगत नाही. आमचे हे त्याच ठिकानी काम करते." जयानं गिलास खाली ठेवला. "चला माह्यासंग. खाली कसं राहते ते पाहू."

दोघी खिडकीकडे आल्या तेव्हा बाकीचे टोप्या घालून पिंजऱ्याशी उभे होते. वच्छलेनं एक टोपी उचलली, तिचा दिवा लावला आणि जयापुढे धरली. रंभाबाईनं वळून पाहिलं.

"जया, ठेव ते खाली. तिच्या हातचं घेऊ नको. तुह्या नवऱ्याचा जीव खाली राहते, समजते का तुले?"

तिचा नवरा भैय्याजी बाजूला मान घालून उभा होता. जयाच्या बांगड्या वाजल्या. तिनं टोपी घेतली, डोक्यावर ठेवली आणि हनुवटीखाली पट्टा बांधला.

"घेतली मी, सासूबाई," ती म्हणाली.

वच्छलेनं दुसरी टोपी स्वतःसाठी घेतली. चंपतराव म्हणाले, "तुम्ही कुठं?"

"मी पाह्यली नाही अजून."

पिंजरा खडखडत खाली गेला. खाली कोळशाच्या काळ्या भिंती होत्या, गाडीचे छोटे रूळ होते आणि दोन्ही बाजूंना छताला भिडवून जाड लाकडी टेकू उभे केलेले होते. चंपतरावांनी रोजचं पाठ केलेलं बोलणं सुरू केलं. "कोळसा काढला की वरचं छत मोकळं पडतं. म्हणून असे टेकू लावत लावत पुढं जातात. टेकू लावल्याशिवाय पुढं कोणालाही जाऊ देत नाहीत. टेकू नसला तर छत केव्हाही खाली येईल."

हे बोलणं वच्छलेनं वरून कधी ऐकलं नव्हतं. तिनं एका टेकूवर हात ठेवला. चांगलं गुळगुळीत लाकूड होतं, तेलपाणी केलेलं.

"भैय्याजी," ती म्हणाली, "तिकडं असेच हायत?"

"हायत."

"साऱ्या जागी?"

त्यानं बाजूच्या टेकूकडे पाहिलं. मग म्हणाला, "जिथं लाकूड पोचते तिथं."

"तुमचे दादा होते तिथं पोचलं होतं?"

सगळे थांबले होते. भैय्याजीनं मान खाली घातली, त्याच्या दिव्याचा उजेड त्याच्याच पायांवर पडला.

"नव्हतं," तो म्हणाला. "लाकूड कवाचंच मागितलं होतं. आलं नाही. दादा मनला, टेकू आल्याबिगर मी आत जात नाही. मुकादम मनला, तं मंग घरी जा. दादा आत गेला."

"तुमाले माहीत होतं."

"साऱ्यायलेच माहीत होतं, वैनी."

"मंग पायगुनाचं मले काहून म्हटलं?"

त्यानं मान वर केली, उजेड छतावर गेला.

"साहेबाले म्हटलं तं नोकरी जाते," तो म्हणाला. "तुमाले म्हटलं तं कोनाचं काही जात नाही."

रंभाबाई रुळांवरच्या कोळशाच्या गाडीला टेकून खाली बसल्या. "मले नाही सांगितलं कोनी," त्या म्हणाल्या. परत तेच म्हणाल्या. जयानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण ती पाहत होती नवऱ्याकडे.

आता आपल्याला रडू येईल, असं वच्छलेला वाटलं. ती वाट पाहत उभी राहिली. आलं नाही. हात टेकूवरच होता. तो काढून घ्यावा लागेल, हे तिला जरा वेळानं कळलं.

माणसं वर आली, मुकाट्यानं गाडीत बसली. गाडी गेल्यावर तिनं टोप्या पुसून जागच्या जागी लावल्या आणि चंपतरावांना म्हणाली, "मले बत्तीघरात परत जायाचं हाय."

"तिथं तुमच्या हातचा दिवा कोण घेईल?"

"खिडकी मी सोडनार नाही. नाही घेतला तं मानसं खाली उतरनार नाही. मंग साहेब विचाराले येतील काम काहून बंद हाय. तवा मी सांगीन, टेकू कुठं कुठं नाही ते."

साहेबानं पुष्कळ दिवस दाद दिली नाही. सुट्टीच्या दिवशी ती रामदासपेठेतल्या कंपनीच्या कचेरीत जाऊन बाकावर बसे. येणारे-जाणारे बघत. शिपाई तिला पाणी देईनासा झाला, तरी ती बसे. अखेर साहेबानंच कंटाळून तिची बदली केली. आठवडाभरात आपणहून परत येईल, असं त्याला वाटलं.

बत्तीघराच्या खिडकीत ती पुन्हा बसली त्या सकाळी रांग जागच्या जागी थांबली. पुढचा माणूस पुढे सरकेना, मागचे कुजबुजू लागले. मग मागून भैय्याजी आला. रांग ओलांडून सरळ खिडकीशी आला आणि त्यानं हात पुढे केला. वच्छलेनं दिवा त्याच्या हातात दिला.

"संध्याकाळी घरी या, वैनी. जेवाले."

"सासूबाईनं सांगितलं?"

"नाही," तो म्हणाला. "जयानं."

"येईन."

त्यानं दिवा टोपीला लावला, पिंजऱ्याशी गेला. पण आत चढला नाही. तिथं उभ्या असलेल्या मुकादमाला त्यानं साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आतल्या बाजूले टेकू लागले का? नाही लागले तं मी थांबतो."

मुकादम रांगेकडे पाहू लागला. रांगेतली माणसं एकदा भैय्याजीकडे, एकदा खिडकीकडे पाहत राहिली. वच्छलेनं पुढच्या माणसाचा दिवा उचलला आणि खिडकीबाहेर धरला. तो माणूस अजून हलला नव्हता. ती दिवा धरून थांबली.