माझी उजवी स्प्रिंग

मला हात लावायचा तर जपून लावा. मी डावीकडं ओढते. खोड जुनी आहे आणि ती कुणी काढू नये, एवढं सांगायला आज तोंड उघडलंय.

नाव माझं जॉयस्टिक. घरातल्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचं तर हातात जी दांडी धरतात, ती मी. पण मला दुकानातली समजू नका हं! माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाला, जेवणाच्या सुट्टीत. श्रीरंग तिथं टूलमेकर. त्यानं भंगारातला पोलादी गज लेथवर धरला, वर स्कूटरची जुनी मूठ बसवली, चारी बाजूंनी चार स्प्रिंगा ताणल्या आणि खेळण्यातल्या एका जॉयस्टिकच्या वायरी माझ्या पोटात जोडल्या. शेजारच्या ग्राइंडिंग मशीनवरच्या कडूबानं मला उचलून पाहिलं.

"श्रीरंगराव, ही दांडी हाय का मुसळ?"

"विमान काय हलकं असतं व्हय रे?" श्रीरंग म्हणाला.

मला डोळे नाहीत. मला हात कळतो आणि कानावर पडेल ते कळतं. तेव्हा मी सांगेन ते हाताचं आणि ऐकलेलं आहे.

आमचं घर सिडकोतलं, बैठं. माणसं दोनच, श्रीरंग आणि त्याची बायको कालिंदी. संध्याकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान उठलं की श्रीरंग कंपनीच्या निळ्या शर्टातच गच्चीवर पळायचा आणि कपाळावर आडवा हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचा. मागनं कालिंदी चहा घेऊन जायची. चहा गार व्हायचा आणि ती चिडायची.

मग खाली येऊन तो माझ्यापुढं बसे. त्याला उडणं खरं हवं होतं, बाकी काही नको. वारा आडवा आला की विमान सरकलं पाहिजे, वेग घटला की ते पडलंच पाहिजे. सवलत म्हणून नाही! खाली जमीन म्हणून सपाट तपकिरी रंग आणि धावपट्टीची रेघ, बास. सरळ यायचं, सरळ उतरायचं, पुन्हा उठायचं.

कालिंदी पूर्वी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. तिला हे काही पटेना.

"अहो, खाली बघायचंच नाही तर वर जायचं कशाला?"

"खाली बघायला गच्ची आहे की."

"गच्चीवर तरी कुठं खाली बघता तुम्ही?"

दोन हजार बाराच्या दुष्काळात तिनं मनावर घेतलं. टँकरच्या रांगेत उभी राहून ती समोरची घरं कागदावर उतरवायची, बादल्या घेऊन परत येताना गल्लीची लांबी पावलांनी मोजायची आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर एकेक घर उभं करायची. पुढच्या दोन-तीन वर्षांत अख्खं सिडको झालं, वाळूजच्या शेड झाल्या, पार पैठणपर्यंत झालं. तिकडं नाथसागराला कोरड पडलेली, आणि हिनं तो काठोकाठ भरला.

"हे खरं का?" श्रीरंगनं टोमणा मारला. "धरणात टिपूस नाही."

"तेवढं खोटं राहू द्या," ती म्हणाली.

तो तिच्या कामाला गणपतीतला देखावा म्हणायचा. त्यात आमचा कॉम्प्युटर म्हातारा. देखावा चालू केला की चित्र हिसके देत चाले, उडण्यातली मजा जाई. म्हणून श्रीरंग तो बंदच ठेवी. तिनं तीनदा विचारलं, "एकदा आपल्या घरावरून चला ना." तीनदा तो म्हणाला, "रविवारी बघू." तीन रविवार आले आणि गेले. मी साक्षीला आहे.

आता जे श्रीरंगला ठाऊक नव्हतं ते सांगते. तो पहिल्या पाळीला गेला की दुपारी कालिंदी माझ्यासमोर बसायची. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडली बिचारी. विमान आपोआप सावरणारं सवलतीचं बटण होतं, पण नवऱ्याला कळेल म्हणून तिनं त्याला हात लावला नाही. त्याच कडक नियमांत ती शिकली. हात बारीक होता तिचा, पण काय स्थिर! एका जागेवर पोचली की मला डावीकडं धरायची आणि गोल गोल फिरत राहायची. विमान चालवणारा डाव्या बाजूला बसतो, म्हणून डावीकडं वळलं की खालचं नीट दिसतं. जवळजवळ दोन वर्षं रोज हेच. उठताना माझ्या मुठीवर थोपटायची. "त्यांना सांगायचं नाही हं. त्यांच्या वाढदिवसाला दाखवणार आहे." मी कुठून सांगणार?

दोन हजार सोळाचा एप्रिल. वाढदिवस जूनमध्ये होता. नळाला त्या दिवसांत आठवड्यानं पाणी यायचं. सकाळी पाणी आलं, टाकी भरली का बघायला कालिंदी गच्चीचा जिना चढली आणि मधल्या पायरीवर बसली. बसली ती उठलीच नाही.

महिन्याभरानं श्रीरंग माझ्यापुढं बसला. देखावा बंद, खाली तोच तपकिरी रंग. एरवी तो मला घट्ट धरी; आज चष्मा पुसायला त्यानं हात सैल सोडला आणि विमान डावीकडं कललं. त्यानं सरळ केलं. हात सैल पडला की पुन्हा डावीकडं.

"कोण आहे?" तो मोठ्यानं म्हणाला. घरात कुणीच नव्हतं.

त्यानं टेबलाची पातळी तपासली, वायरी बदलल्या, वारा शून्यावर आणला. मी डावीकडंच! एकदा त्याचा आवाज तिच्या फोटोच्या भिंतीकडं वळला, "तू आहेस का गं?" मला हो म्हणता येईना, नाही म्हणवेना. मग त्यानं कालिंदीचा जुना टॉवेल माझ्यावर टाकला आणि मला हात लावणं सोडलं.

किती वर्षं गेली टॉवेलखाली! शेजारच्या बैठ्या घराच्या जागी सात मजले चढले. गच्चीवरनं आता विमान दिसत नाही, नुसतं ऐकू येतं, असं श्रीरंग कुणाला तरी फोनवर सांगत होता. तो रिटायर झाला. कधी जाता-येता टॉवेलावरनं माझ्या मुठीवर हात ठेवायचा आणि चटका बसल्यागत काढून घ्यायचा.

एका जानेवारीत कडूबा चितेगावहून हुरडा घेऊन आला. खाता खाता श्रीरंगनं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हा हसणार. तो हसला नाही.

"उघडून बघितली का?"

"नाही."

"पुसली तर नाय ना?"

टूलरूमचा तो रिवाज. झिजलेला भाग आला की आधी पुसायचा नाही. नख फिरवायचं, झीज वाचायची आणि मशीन कुणाच्या हातात होतं ते सांगायचं. हे दोघं जन्मभर तेच करत आले. आणि घरातली दांडी मात्र उघडायचं धाडस श्रीरंगला झालं नव्हतं.

"उघडली आणि आत नुसती बिघडलेली स्प्रिंग निघाली, तर?" तो हळूच म्हणाला. "मग ती नाहीच ना रे इथं."

कडूबानं माझे स्क्रू काढले. त्याचं खरबरीत नख माझ्या आतनं फिरलं.

"ही पुढली-मागली झीज बेताची. ही तुमची. पन ही उजवी स्प्रिंग पार तानून सैल पडलीय, म्हनून दांडी डावीकडं जाती. आन् ही डावी कड बघा, आरशावानी झालीय. लई दिस कुनीतरी डावीकडं धरून ठिवलीय. श्रीरंगराव, हा हात तुमचा नाय."

"मग कुणाचा?"

"घरात दुसरं कोन हुतं? वयनींचा."

"तिला कुठं उडवता येत होतं?"

"येत नसतं तर अशी एकसारखी घासली असती व्हय? हात लई स्थिर हाय. तुमच्यापरीस."

श्रीरंगनं स्वतः माझे स्क्रू आवळले. मग त्यानं मला पुन्हा जोडलं आणि इतक्या वर्षांनी देखावा चालू केला. कॉम्प्युटर घरघरला, चित्र हिसके देऊ लागलं. तो सिडकोवर आला आणि मी डावीकडं ओढलं. आज त्यानं मला अडवलं नाही. पण खाली बघायच्या नादात वेग घटला आणि विमान पडलं. त्याचेच नियम! सहा वेळा पडला. सातव्या वेळी त्याचा हात माझ्या त्या गुळगुळीत कडेवर नेमका येऊन थांबला आणि तसाच स्थिर राहिला. आई शप्पथ सांगते, त्या घटकेला मुठीवर हात कुणाचा हे मला कळेना.

"शेजारची सातमजली नाहीच इथं," श्रीरंग पुटपुटत होता. "आमची टाकी... दोरीवर कपडे... गच्चीवर कुणीतरी उभं आहे."

"वयनी?"

"नाही."

विमानानं एक पूर्ण फेरी घेतली.

"निळा शर्ट. कपाळावर हात. मी आहे रे कडूबा. मी वर बघतोय." त्यानं मला आणखी डावीकडं दाबलं. "मग ती कुठंय?"

कडूबानं माझ्यावर थाप मारली. "ही काय, हितं. तुमी बसलाय तिथं बसून बघत हुती तुमाला."

श्रीरंग रडला. "तीन रविवार विचारलं रे तिनं," एवढंच म्हणत राहिला. डावा हात माझ्यावरच होता. उजवा कुठं होता ते मला दिसलं नाही. कडूबाच हळू आवाजात म्हणाला, "श्रीरंगराव, तुमी बी तसाच हात धरलाय कपाळावर."

कडूबा पुढच्या खेपेला नवी स्प्रिंग घेऊन आला, तेलकट कागदात गुंडाळलेली. ती अजून तशीच टेबलावर पडून आहे. रोज संध्याकाळी मुंबईच्या विमानाचा आवाज आला की श्रीरंग माझ्यापुढं बसतो, घरापर्यंत जातो आणि हात सैल सोडतो. पुढचं काम माझं. मी म्हातारी झाले, मूठही फाटलीय. उद्या श्रीरंगच्या पश्चात मी तुमच्या हाती आले, तर खुशाल वायरी बदला, मूठ बदला. उजवी स्प्रिंग तेवढी राहू द्या. आणि मी डावीकडं वळले, तर एकदा खाली बघा.