कौदीच्या पोटातला घास

नेत्रावतीअक्काची कौदी, म्हणजे हातानं शिवलेली गोधडी, कलबुर्गीच्या प्रदर्शनात लागलीच पाहिजे, हा हट्ट ज्योत्स्नाचा. ती हळ्ळीखेडच्या शाळेत शिकवायची आणि अक्काच्या शेजारी राहायची. अक्का दुपारी ओसरीवर जुन्या लुगड्यांचे थर मांडून धावदोरा घालू लागली, की ज्योत्स्नाच्या हातातली भाजी निवडायची तशीच राहायची. ना खडूची खूण, ना पट्टी, तरी ओळी अशा सरळ जायच्या की पेरणी करणाऱ्यानं मान खाली घालावी. एवढी कला, आणि बघायला कोण, तर ओसरीवरचं मांजर! ज्योत्स्नाला याचा मनापासून राग यायचा. शेवटी तिनंच प्रदर्शनात अक्काचं नाव दिलं.

गाडी शैलश्रीची. हुमनाबादला तिचं कापडाचं दुकान. ज्योत्स्नाची ही मैत्रीण जिवाला जीव देणारी, पण भुकेला भारी कच्ची.

आधी तिच्याच दुकानात थांबणं झालं, कारण कौदीच्या काठाला जरासं लाल कमी पडत होतं. शैलश्रीनं झगझगीत तुकडे पुढे टाकले. अक्कानं ते बाजूला सारले, ढिगाच्या तळात हात घातला आणि एक विटका, विटकरी तुकडा ओढून काढला.

"ती नवी कापडं लई वरडायलीत," ती म्हणाली. "हे बघ, कसं गुमान बसतंय."

तुकडा काठाला लावला आणि सगळी कौदी एकदम उजळली. ज्योत्स्ना बघतच राहिली.

पुढं रस्ताभर अक्का मागच्या सीटवर शिवत होती. खड्डा आला की सुई वर, खड्डा सरला की पुन्हा टाका, आणि टाका जिथल्या तिथं. एक कोपरा तेवढा तिनं मुद्दाम उघडा ठेवला होता. तिच्या माहेरची रीत होती ती. शेवटच्या कोपऱ्यात घरच्या चुलीवरच्या भाकरीचा तुकडा घालायचा आणि मगच कौदी मिटायची. कौदी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कुठून देणार? प्रदर्शन झालं की ही कौदी अक्काच्या लेकीच्या पहिल्या बाळासाठी तिच्या सासरी जायची होती.

कमलापूरला लाल केळी घ्यायला अक्का आणि ज्योत्स्ना खाली उतरल्या. शैलश्री गाडीतच बसली.

कलबुर्गीच्या हॉलमध्ये पोचल्यावर अक्कानं पिशवीतलं, भाकर बांधून आणलेलं पांढरं फडकं सोडलं. फडकं रिकामं.

"अय्यो!" शैलश्रीनं कपाळावर हात मारला. "ती कौदीची भाकर व्हती व्हय? मी खाल्ली की! संगं चटणी कामून न्हाई, असं वाटलंच होतं मला."

अक्काला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात प्रदर्शन मांडणाऱ्या बाई येऊन सांगून गेल्या, की दारं आता उघडतील आणि अर्धवट काम लावता येणार नाही.

"थांबा, खानावळीतनं भाकर आणते," शैलश्री निघाली.

"इकतच्या भाकरीनं तिचं पोट भरतंय व्हय? घरच्या चुलीची पायजे." अक्का खाली बसली. "राहू दे. परत जाऊ. उपाशी कौदी मी मिटणार न्हाई."

ज्योत्स्नाच्या पिशवीत डबा होता. डब्यात तिच्या घरची भाकरी होती. पण तिनं डबा बाहेर काढला नाही. अक्का तिच्याकडे कितीदा जेवली असेल, त्याचं ज्योत्स्नाला काहीच वाटत नव्हतं. पण ही कौदी लेकीच्या सासरी जाणार. बौद्धाच्या घरची भाकरी कौदीत आहे म्हटल्यावर तिथं चार तोंडं चार गोष्टी बोलणार, आणि ते ऐकून घ्यायचं अक्काच्या लेकीनं. आपण पुढं होऊन अक्काला पेचात कशाला टाकायचं? कौदी भिंतीवर लागावी म्हणून तिचा जीव तुटत होता, तरी ती पिशवी पोटाशी धरून गप्प उभी राहिली.

अक्कानं मान वर केली. आधी पिशवीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"डब्यात काय हाय गं?"

"भाकर." ज्योत्स्नानं पिशवी आणखीच जवळ ओढली. "पण अक्का, लेकीच्या सासरी जायची हाय ही..."

"मग? माझ्या नातवंडानं कुणाच्या उबेत निजायचं, ते त्यांनी ठरवायचं का मी?" अक्का चिडलीच. "आणि तू एवढा येळ गप कामून बसलीस? मला मागायला लावलंस, ज्योत्स्ना!"

तो बोल ज्योत्स्नाला लागला, पण असं आपल्या माणसालाच बोलतात, याचं तिला फार बरं वाटलं. तिनं डबा उघडला. अक्कानं भाकरी मोडली, अर्धी ज्योत्स्नाच्या हातावर ठेवली, उरलेल्या अर्धीतला तुकडा कोपऱ्यात सारला आणि भराभर टाके घातले. घाईतही एक टाका वाकडा नाही.

कौदी भिंतीवर लागली आणि बघता बघता पुढं बायका जमल्या. कुणी काठावरून बोट फिरवी, कुणी ओळींकडं बघून नुसतीच मान हलवी. अक्काचे हात असे चारचौघांनी बघावेत, एवढंच तर ज्योत्स्नाला हवं होतं. एका बाईचं बोट कोपऱ्यातल्या फुगवट्यावर थांबलं.

"आणि हे काय हो, अक्का?"

"पोट हाय ते तिचं," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या ज्योत्स्नाच्या घरी जेवून आलीय."