चौदा नंबरचं भाषण

जिथे शंभरावर माग एकाच वेळी खडखडतात, तिथे कुणाला नावाने हाक मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून त्या गिरणीत विणणाऱ्या बायका एकमेकींना मागाच्या नंबराने ओळखायच्या आणि बोलायच्या नुसत्या ओठांनी. आवाज काढायचाच नाही. तोंड नीट उघडून सावकाश बोललं, की चार मागांपलीकडची बाई हसून उत्तर देई. चौदा नंबरवालीला याचं बाळकडू घरीच मिळालं होतं. तिची आई आधी त्याच चौदा नंबरवर होती, आणि त्या मागाने तिचे दोन्ही कान कायमचे नेले होते. आईशी बोलायचं तर तिच्या समोर तोंड करूनच बोलावं लागे. त्या घरात खोटं बोलणं फार अवघड होतं.

आज चौदा सभागृहाच्या स्टेजवर खुर्चीच्या टोकाशी बसली होती. हातात टाइप केलेला कागद. गिरणीत दरवर्षी बायकांसाठी प्रेरणादायी व्याख्यान होई. गेल्या वर्षीच्या वक्त्या बाईंनी 'पंख पसरा' म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी माग बंद पडल्यावर पुन्हा जॉबरची वाट बघत उभ्या राहिल्या. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. तो पुरुषच असायचा.

यंदा मात्र मॅनेजरसाहेबांनी टूम काढली होती. भाषण आपल्याच कामगार बाईने करायचं, विषय 'आपल्या गिरणीतील स्त्रियांचा इतिहास', आणि भाषण संपलं की त्याच बाईला स्टेजवर पहिली स्त्री जॉबर नेमल्याचं पत्र द्यायचं. पुढच्या रांगेत नव्या मालकांचे पाहुणे बसवले होते. पत्राचा पांढरा लिफाफा साहेबांच्या कोटाच्या वरच्या खिशातून डोकावत होता. चौदाने त्यासाठी सहा वर्षं घासली होती. परीक्षेत ती दोन पुरुषांच्या पुढे होती.

"लिहिलंय तेवढंच वाचायचं," साहेब हळूच तिच्याकडे झुकून म्हणाले. "एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. कळलं ना?"

"कळलं, साहेब."

कागदावर काय होतं ते तिला पाठ झालं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी संस्थापकांनी उदार मनाने स्त्रियांच्या हाती अवजारं दिली. बस्स, एवढाच इतिहास.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तिसऱ्या रांगेत निळं लुगडं नेसून बसली होती. बत्तीस वर्षांपूर्वी आईचा माग दोन तास बंद होता. जॉबर येईना, कारण आई त्याच्याशी हसून बोलत नसे. शेवटी तिने त्याचा पाना उचलला आणि माग स्वतः सुरू केला. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. कारण लिहिलं, अवजाराची चोरी. मग अकरा बायकांनी आपापले माग थांबवले, त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी. नऊ दिवस गिरणीत चिमणीचाही आवाज ऐकू आला असता. आईला परत घेतलं, बायकांना पाना हाती धरायची परवानगी मिळाली. पण कागदावरची चोरी तशीच राहिली. चौदा लहानपणी 'चोरटीची पोर' ऐकत मोठी झाली होती.

आणि तरी सकाळी आईच म्हणाली होती, "वाच मुकाट्याने. जुनी मढी उकरून कुणाचं पोट भरलंय? पत्र पदरात पाड आणि ये."

तिचं नाव पुकारलं. चौदा माइकसमोर उभी राहिली, कागद तोंडापुढे धरला आणि वाचायला लागली. आवाज नीट येत होता. पहिला परिच्छेद झाला. पुढचं वाक्य संस्थापकांचं होतं. तिने श्वास घेताना सहज तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

आई हाताने खूण करत होती. कागद खाली घे. तोंड दिसत नाही.

बिचारीला लेकीचं भाषण बघायचं होतं, एवढंच. चौदाने कागद खाली घेतला. आईचे डोळे तिच्या ओठांवर खिळले. या बाईच्या तोंडावर, तिची चोरी तशीच ठेवून श्रेय संस्थापकांना देणारं वाक्य ती कशी बोलणार होती?

"संस्थापकांनी..." ती म्हणाली आणि थांबली. "नाही. संस्थापकांनी काही दिलं नाही. माझ्या आईने पाना उचलला, म्हणून तिला चोर ठरवलं."

आईने मान हलवली, नको, नको. तिच्या चेहऱ्यावरची भीती चौदाला स्पष्ट दिसली. साहेब अर्धे उठले होते. त्यांनी पाहुण्यांकडे बघून हसल्यासारखं केलं आणि कोपऱ्यातल्या वायरमनकडे पाहत बोट गळ्यावरून आडवं फिरवलं.

माइक गेला.

"तांत्रिक बिघाड!" साहेब मोठ्याने म्हणाले. मग तिच्याकडे वळून त्यांनी लिफाफा खिशातून अर्धा बाहेर काढला, तिला दिसेल असा धरला आणि हळूच आतल्या खिशात सरकवला. "खाली बस. अजून वेळ गेलेली नाही."

चौदाची सहा वर्षं त्या खिशात गेली होती. ती खाली बसली असती तर ती वर्षं कदाचित परत आलीही असती.

पण साहेबांची सगळी नोकरी काचेच्या केबिनमध्ये गेली होती. विणणाऱ्या बायकांच्या सभेत त्यांनी माइक बंद केला होता!

चौदाने कागद खुर्चीवर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली, मागावर बोलतात तशी, आवाज न काढता. दोन तास बंद पडलेला माग. हसून न बोलणारी बाई. अकरा जणी. एकेकीचा नंबर ती सांगत गेली, आणि त्यातल्या म्हाताऱ्या झालेल्या तिघी-चौघी आपला नंबर आला तशा खुर्चीवरून उठल्या. मग त्यांच्या लेकी उठल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे मागे वळून बघायला लागले. "काय चाललंय हे?" त्यांच्यातल्या एका बाईंनी साहेबांना विचारलं. साहेबांना सांगता येईना. साडेतीनशे माणसांत तेच आणि त्यांचे पाहुणे तेवढे बहिरे होते.

चौदा फक्त आईकडे बघत होती. आईने तोंडावर पदर धरला होता. अकराव्या बाईचा नंबर सांगून झाला, तेव्हा तो पदर खाली आला. डोळे पुसून आई उभी राहिली. चौदाला वाटलं, आता पुन्हा नको म्हणेल.

आईचे ओठ हलले. "घाई करू नकोस. मागच्यांना दिसत नाहीये."

चौदाने साहेबांची खुर्ची ओढून पुढे घेतली, तिच्यावर चढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.