कुंकू लावलेलं पान

तंजावूरच्या मेलवीधीत, राजवाड्याच्या मागल्या अंगाला, अनिरुद्धरावांच्या घरी दर शनिवारी चार वाजता चौघं जमायची आणि आकाशातल्या गोष्टी करायची. आकाशातल्या म्हणजे देवादिकांच्या नव्हेत हं. यानं, परग्रह, यंत्रमाणसं, काळात मागं-पुढं जाणारे लोक, असला सगळा मामला. गल्लीतले लोक हसत. हसोत बापडे. ज्याला ज्याचं वेड त्यालाच त्याची गोडी.

अनिरुद्धराव बँकेत अधिकारी, बदलीवर आठ वर्षं पुण्याला काढून परतलेले. वेंकटेशनं गल्लीत नुकतीच केबल आणली होती, त्यामुळं परदेशी चॅनेलवरच्या अंतराळ-मालिका कॅसेटवर उतरवून आणायचं काम त्याचं. विजयलक्ष्मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची, मद्रासच्या फुटपाथवरून पहिलं पान गेलेल्या इंग्रजी कादंबऱ्या ती उचलून आणायची. आणि चौथी राजम. टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर, वय अडतीस. तमिळ साप्ताहिकांतल्या विज्ञानकथांची पानं कापून, दोऱ्यानं शिवून ती वह्या करायची. गोष्ट हिचीच आहे.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तंजावूरच्या मराठी घरांत मराठी असते ती तोंडात. कागदावर तमिळ. पत्र मराठीत, पण अक्षरं तमिळ, अशी दोन-तीन पिढ्यांची चाल. देवनागरी वाचणारं माणूस शोधायला दिवा घेऊन फिरावं लागतं. त्यामुळं अनिरुद्धराव पुण्याहून मराठी मासिकं मागवत आणि मोठ्यानं वाचत, बाकीची तिघं ऐकत. विजयलक्ष्मीनं शाळेत असताना हिंदीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या म्हणे, पण ती म्हणायची, ते सगळं केव्हाच पुसून गेलं. वाचनाचा एक नियम होता, तोही अनिरुद्धरावांनीच घातलेला. आधी गोष्टीचं नाव, मग लिहिणाराचं, मगच गोष्ट. लिहिणाराचं नाव गाळणं म्हणजे जेवून हात न धुता उठणं, असं ते म्हणत.

नव्वद-एक्क्याण्णवपासून एक्स्चेंजमध्ये राजमचं काम कमी कमी होत चाललं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. हेडफोन कानाला लावून ती नुसती बसून राही. त्या बसण्यात तिला एक गोष्ट सुचली. एक यान तीनशे वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेलं. त्यातल्या माणसांनी आपली बोली पोटाशी धरून सांभाळलेली. शेवटी पृथ्वीशी संपर्क होतो, ती आनंदानं बोलू लागतात, आणि पृथ्वीवरचे लोक त्यांचं बोलणं ऐकून हसतात. मग यानातली एक बाई म्हणते, आपण परतलों तरी आपलें घर तें हेंच, आणि यान वळतं. यानातली माणसं बोलायची ती अर्थात तंजावूरची मराठी, राजमच्या स्वयंपाकघरातली. दुसरी तिला येतच नव्हती.

तिनं ती तमिळ अक्षरांत वहीत उतरवली. अनिरुद्धराव वाचून इतके हलले की डोळे पुसले. "हें पुण्यास जायला हवं, राजम," ते म्हणाले. तमिळ लिपीत क, ख, ग, घ, सगळ्यांना अक्षर एकच. तिची वही घरच्या माणसालाच उलगडणार. म्हणून ते म्हणाले, मी देवनागरीत उतरवून एका मासिकाकडं पाठवतो. राजमनं वही त्यांच्या हातात दिली. सख्ख्या भावाला द्यावी तशी दिली. अण्णा म्हणायची ती त्यांना, आणि नुसतं तोंडानं नव्हे.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत अंक आला. केवढा जाडजूड! शनिवारी अनिरुद्धरावांनी तो उघडला, गोष्टीचं नाव वाचलं, आणि मग स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचलं, "लेखिका, राजम रघुपतीराव, तंजावूर." मग त्यांनी राजमचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. "हीच तूं," म्हणाले. वेंकटेशनं टाळ्या वाजवल्या, विजयलक्ष्मीनंही वाजवल्या. राजमला रडूच आलं. तिनं घरून दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी आणली होती ती तशीच झाकून राहिली.

घरी नवऱ्यानं, रघुपतीनं, अंक देवाच्या फळीवर ठेवला. बोट ठेवलं होतं नेमक्या त्या ओळीशेजारी राजमनं कुंकवाचा ठिपका लावला. त्यानंतर जो येईल त्याला रघुपती अंक काढून दाखवी. देवनागरीच्या एका अक्षराचाही गंध नसलेला माणूस, पण कुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवून सांगे, हें पाहा, आमची राजम. वाचता कुणालाच येत नव्हतं. सगळे मान डोलवत.

राजमला मात्र एक हुरहूर लागली. आपलीच गोष्ट, आणि आपल्याला वाचता येऊ नये! शेजारच्या गल्लीत हनुमंतराव सर हिंदीचा क्लास घेत. जानेवारीत ती तिथं जाऊन बसली, दहा-दहा वर्षांच्या पोरींच्या मधे मांडी घालून. विजयलक्ष्मीला कळल्यावर तिनं पुष्कळ समजावलं. या वयात कशाला ती डोकेफोड, अनिरुद्धअण्णा आहेत की वाचून दाखवायला. राजमला वाटलं, लोक हसतील म्हणून काळजीनं म्हणतेय बिचारी.

नाव सोपं होतं तिचं. रा, ज, म. जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, एक काना तेवढा. आठवड्यातच सरांनी पाटीवर काढून दिलं. ती घरी धावतच आली, हात धुऊन फळीवरचा अंक काढला आणि कुंकवाशेजारी पाहिलं.

पहिलं अक्षर रा नव्हतं. सुरुवातीला भलतंच कुठलंसं अक्षर होतं, पुढं मान वाकडी केलेलं एक, मग खाली शेपूट काढलेलं एक. तिनं मोजलं. तीन नव्हेत, सहा होती, आणि नंतर आणखी एक शब्द. तिनं पान वर-खाली चाळलं, पुढची बाराही पानं चाळली. रा-ज-म कुठंच नाही. तिनं स्वतःची समजूत घातली. छापखान्याची अक्षरं वेगळी असतील. तिकडं नवऱ्याचं नाव आधी लावत असतील. मन मोठं लबाड असतं हो, जे नको असेल ते पाहायचंच नाही म्हणतं. आणि तोवर तिनं दुसरी गोष्टही लिहून अण्णांच्या हवाली केली होती, पहिलीच्या दुप्पट मोठी.

फेब्रुवारी संपता संपता जोडाक्षरं आली. एका सकाळी आंघोळ करून तिनं पुन्हा अंक घेतला. अ. नि. रु. मग ते अडलेलं अक्षर, द आणि ध एकमेकांत गुंतलेले. द्ध. रा. व.

तिनं तीनदा वाचलं. मग देवापुढंच खाली बसली. आपण चार महिने ज्या नावाला कुंकू लावून ठेवलं, सकाळ-संध्याकाळ हात जोडले, ते हे. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. आणि कापणाऱ्याच्या मांडीवर आपणच विश्वासानं मान टाकलेली.

शनिवारी चार वाजता अंक पदराखाली घेऊन ती मेलवीधीत गेली. वेंकटेश व्हिडिओ जोडत होता, नव्या मालिकेचे दोन भाग त्यानं उतरवून आणले होते. राजमनं अंक अनिरुद्धरावांच्या हातात दिला आणि म्हणाली, आधी माझी गोष्ट अजून एकदा वाचा. आत कुठंतरी तिला अजून वाटत होतं की हा माणूस अडखळेल. निदान एवढं तरी व्हावं.

अनिरुद्धराव हसले, चष्मा लावला, गोष्टीचं नाव वाचलं. "लेखिका, राजम रघुपतीराव, तंजावूर." जीभ कणभरही अडखळली नाही.

"आतां मी वाचतें," राजम म्हणाली.

तिनं अंक घेतला आणि कुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, पाटीवर वाचावं तसं. सहा अक्षरं. वेंकटेश हातात वायर धरून तसाच उभा राहिला.

अनिरुद्धरावांनी बोलायला सुरुवात केली, आणि बोलतच राहिले. पुण्यात त्यांची ओळख होती. तंजावूरच्या एका टेलिफोन ऑपरेटरची गोष्ट कोण उघडून पाहणार, साभार परत आली असती. भाषाही त्यांना सगळी बदलावी लागली, यानातली माणसं असली गावंढळ मराठी बोलली तर वाचक गोंधळले असते. शेवटही थोडा बदलला, माणसं पृथ्वीवर उतरतात, तिथली भाषा शिकतात, सुखानं राहतात. म्हणजे मेहनत त्यांचीच जास्त, नाही का? वाचकांची पत्रं आली, तीही त्यांच्या नावावर आली, त्याला ते काय करणार? आयत्या बिळावर नागोबा बसतो तेव्हा बीळ आपणच उकरलं असं त्याला मनापासून वाटत असतं, त्यातला प्रकार.

"आणि तुजं नांव मी गाळलं कुठं?" ते शेवटी म्हणाले. "दर वेळीं वाचलं की."

राजमनं दुसऱ्या गोष्टीची वही मागितली. त्यांनी कपाटातून काढून दिली, आणि वहीत अडकवलेले देवनागरीत उतरवलेले कागदही चुकून बरोबर आले. वरच्या कागदावर लिहिणाराचं नाव आधीच घातलेलं होतं. ते वाचायला तिला आता वेळ लागला नाही. देवनागरीत झरझर वाचता येणारं तिचं पहिलं नाव तेच झालं होतं. तिनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवले, अंक आणि वही घेतली, आणि निघाली.

विजयलक्ष्मी मागोमाग रस्त्यावर आली. कोपऱ्यापर्यंत दोघी बरोबर चालल्या. राजमला वाटलं, ही आता आपल्याबरोबर रडेल, त्या माणसाला चार शिव्या देईल. एवढ्याचीच तिला भूक होती.

विजयलक्ष्मी म्हणाली, "मज दिवाळींतच कळलं होतं."

राजम थांबली.

हिंदी पुसून गेलं नव्हतं, विजयलक्ष्मी खाली बघत सांगू लागली. पहिल्याच दिवशी अण्णांच्या खांद्यावरून तिनं नाव वाचलं होतं. पण राजमचा चेहरा इतका फुलला होता की तो विझवायचं धाडस तिला झालं नाही. आणि खरं सांगायचं तर, शनिवार मोडतील याचीही भीती होती. साऱ्या तंजावुरात या गोष्टी बोलायला दुसरं होतं कोण? म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या. म्हणूनच क्लासला जाऊ नको म्हटलं.

अनिरुद्धरावांचं नाव वाचताना राजमला राग आला होता. आता रागही येईना. चोर तो चोर, त्याचा एक हिशेब तरी असतो. पण ही तिच्या शेजारी बसून, खोटं वाचलं जात असताना दर वेळी टाळ्या वाजवत आली होती. दहा वर्षांच्या पोरींच्या मधे ती क, ख गिरवत बसली तेव्हा हिला माहीत होतं. राजम एकच वाक्य बोलली. "विजी, तूं मज वेडी होऊं दिलंस." आणि रिकामी जाणारी रिक्षा थांबवून घरी आली.

घरात पाहुणे होते. ओरत्तनाडूहून रघुपतीचे चुलतभाऊ तुळजाजी आणि त्यांची बायको आली होती. कॉफीचे पेले पुढं होते, आणि रघुपती फळीवर अंक शोधत होता. राजमच्या हातात तो दिसताच त्याचा चेहरा उजळला. त्यानं तिच्या हातातून अंक घेतला, पान सरावानं उघडलं, ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हें पाहा," तो तुळजाजींना म्हणाला. "आमची राजम."

तुळजाजी वाकून पाहू लागले. त्यांच्या बायकोनं मोठ्या कौतुकानं राजमकडं पाहिलं. रघुपतीच्या तोंडावर तर अशी शोभा होती की तशी त्यांच्या लग्नातही नव्हती. टेलिफोनवाल्या बायकोचा नवरा म्हणून ज्याची थट्टा व्हायची, त्याला चार महिन्यांत या एका पानानं ताठ मानेनं चालायला शिकवलं होतं. गप्प बसायला काहीच करावं लागणार नव्हतं. इथं कुणाला वाचता येणार होतं? सगळे हसत होते. आपणही हसावं, कॉफी प्यावी.

तेव्हा राजमला कळलं की विजयलक्ष्मीला ते गप्प राहणं किती सोपं गेलं असेल.

ती पुढं झाली आणि नवऱ्याचं बोट हळूच त्या ओळीवरून उचललं.

"तें माझं नांव नव्हे," ती म्हणाली. "मज आतां वाचतां येतं."