बगळ्याच्या चोचीखालचा डाग

मी एक जुनं चांदीचं नाणं आहे, मित्रांनो, आणि आजवर एकदाही खर्च झालेलो नाही. माझ्या बदल्यात कुणी कधी भाजी घेतली नाही, की मला हवेत उडवून कुणी छापा-काटा केला नाही. हसू नका. मी साधंसुधं नाणं नाही, प्रूफ नाणं आहे. बाजारातली नाणी कामासाठी जन्मतात. आमचा जन्म निव्वळ बघण्यासाठी होतो.

टांकसाळीत माझ्यासाठी एक खास ठसा आरशासारखा घासून ठेवला होता. इतर नाण्यांवर ठसा एकदा पडतो, माझ्यावर दोनदा पडला, आणि तोही सावकाश, पूर्ण जोर लावून. त्यामुळे माझी जमीन, म्हणजे चित्रामागची सपाट जागा, काळ्या पाण्यासारखी चमकते आणि तिच्यावर एका पायावर उभा असलेला पांढराशुभ्र बगळा दिसतो. हातमोजे घातलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या कारागिराने मला कडेने उचललं. त्याच ठशाखालून माझ्या आधी एक सोन्याचं नाणं निघालं होतं. तो माझा थोरला भाऊ. भाव त्याला जास्त, पण रूप मला जास्त, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुढे आमची ताटातूट झाली. थोरल्याला एका पोस्टमास्तरांनी घेतलं आणि मला चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकू. काका आणि पोस्टमास्तर एकाच नाणेसंग्राहक मंडळाचे सभासद होते. दोघांची मैत्री घट्ट, आणि चुरस त्याहून घट्ट. "तुझा बगळा मला दे आणि जोडी पुरी होऊ दे," असं पोस्टमास्तर दर भेटीत म्हणायचे. "माझ्या हयातीत नाही," असं काका म्हणायचे आणि चहा मागवायचे.

काकांनी मला काय जपलं म्हणून सांगू! हातमोज्यांशिवाय स्पर्श नाही, दमट दिवसांत पेटी उघडायची नाही, आणि सर्वांत कडक नियम म्हणजे, पेटी उघडली की तोंड बंद. माणूस बोलला की तोंडातून बारीक थुंकी उडते. तुम्हाला ती दिसतही नाही, पण आमच्या अंगावर तिचा कायमचा डाग उठतो. पुसायला जावं तर ओरखडे पडतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून त्या घरात पेटी उघडी असली की सगळा कारभार खुणांनी चाले. दूध उतू गेलं की काकू दोन्ही हात वर उचलायच्या. दारात कुणी आलं की टेबलावर टकटक करायच्या. फारच घाई असली तर टाळ्या वाजवायच्या.

एकदा काकांचा धाकटा भाऊ आला होता. माझ्या शेजारचं नाणं बघून त्याच्या तोंडून नुसतं "वा!" निघालं. तेवढ्याने त्या नाण्यावर डाग पडला. काकांनी त्याला जे दार दाखवलं, ते दाखवलंच. सख्खा भाऊ, पण वर्षानुवर्षं त्याला घराचा उंबरठा बंद झाला. काकू रडल्या, समजूत घालून थकल्या. काका ढिम्म हलले नाहीत. तेव्हापासून काकू पेटीच्या जवळून जाताना श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

आता सांगतो तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट. काका खिडकीपाशी टेबलाशी बसले होते, पेटी उघडी, मी मखमलीवर उताणा. काकू पलीकडे मटार सोलत होत्या. काकांच्या हातातलं भिंग एकदम खाली पडलं. मग त्यांची मान कलली आणि ते टेबलावरच कोसळले. तोंड वाकडं झालं होतं, एक हात लोंबत होता.

काकू उठल्या. आणि मित्रांनो, त्यांनी काय केलं असेल? त्यांनी टेबलावर टकटक केलं. काका हलले नाहीत. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदा, दोनदा, जोरजोरात. त्यांच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती, ओठ मात्र घट्ट मिटलेले. मी खालून बघत होतो आणि मनात आकांत करत होतो, अहो काकू, ओरडा ना! पण मला तोंड कुठलं?

शेवटी त्यांचा बांध फुटला. "अहोऽऽ!" अशी किंकाळी त्यांनी फोडली, ती बरोबर माझ्यावर वाकून. शेजारचे धावत आले, गाडी आली, काकांना उचलून नेलं. थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी नंतर ऐकलं. संध्याकाळी काकू घरी आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बगळ्याच्या चोचीखाली एक बारीकसा थेंब वाळला होता. त्यांनी पदर उचलला, पण तो तसाच खाली सोडला आणि पेटी बंद केली. थोड्याच दिवसांत तिथे काळपट डाग उठला. बगळ्याने चोचीत माशी पकडावी तसा.

काका घरी आले. चालू लागले, बोलू लागले, पण नजर गेली ती गेलीच. जन्मभर दुसऱ्यांना चष्मे दिले आणि स्वतःच्या डोळ्यांना चष्मा उरला नाही. दार दिसे, खुर्ची दिसे, बारीक काही दिसत नसे. एके दिवशी त्यांनी हातमोजे चढवून मला हातात घेतलं, भिंग लावलं, बराच वेळ मला उजेडात कलतं केलं.

मग पेटी बंद करता करता म्हणाले, "तसंच आहे गं. अगदी तसंच!"

काकूंनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी पुन्हा मिटलं.

त्यानंतर काकांनी मला लिलावात काढायचं ठरवलं. "मला जे दिसत नाही ते दाबून कशाला ठेवू? ज्याला दिसतं त्याच्याकडे जाऊ दे," असं ते म्हणाले. मी हादरलोच. कारण त्यांच्या मंडळाची रीत वेगळी होती. प्रूफ नाण्याची पेटी बोलीआधी उघडायची नाही. उगीच दहा तोंडं वाकून बघणार आणि नाणं बिघडवणार. त्याऐवजी मालकाने पेटीवर हात ठेवून सगळ्यांसमोर नाण्याची अवस्था सांगायची. त्याच्या शब्दावर बोली लागायची. हातोडा पडला की घेणारा तिथेच पेटी उघडायचा. मालकाचा शब्द खोटा निघाला तर नाणं परत, आणि त्याचं नाव मंडळातून कायमचं बाद. हा नियम करवून घेतला कुणी? आमच्याच काकांनी.

लिलावाच्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एक सांगायचं होतं."

"सांग की. फक्त नाण्याचं नको. गालावर वस्तरा आहे आणि आधीच धाकधूक होतेय."

"नाही... तुमचे मोजे वेगवेगळे आहेत."

मी पेटीत कपाळाला हात लावला असता, पण मला ना कपाळ ना हात.

सभागृहात मला टेबलावर ठेवलं. झाकण बंद होतं, त्यामुळे मला सगळं नुसतं ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्या. पंख्याची घरघर. मग पोस्टमास्तरांचा आवाज: "आज सोन्याचं नाणं बरोबरच आणलंय. शेजारची जागा रिकामी ठेवलीय, बघा!" माझा थोरला भाऊ तिथे, हाताच्या अंतरावर होता. एरवी मला आनंद झाला असता. त्या दिवशी मात्र मला वाटलं, याच्यासमोर तरी आपली शोभा व्हायला नको होती.

अध्यक्षबाईंनी काकांना पुकारलं. काकूंनी त्यांना हाताला धरून टेबलापाशी आणलं. झाकणावर काकांचा तळवा पडला, तो मला जाणवला.

"माझा शब्द आहे," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "आरसा जसाच्या तसा. ओरखडा नाही. डाग नाही. ते माझ्या घरातून कधी बाहेर गेलेलं नाही."

"तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," पोस्टमास्तर म्हणाले आणि त्यांनीच पहिली बोली लावली.

आकडा चढू लागला. मागून कुणीतरी वाढवत होतं, पोस्टमास्तर लगेच त्याच्यावर चढत होते. प्रत्येक आकड्यासरशी लोक "अरे बापरे" म्हणत होते आणि माझा जीव खाली खाली जात होता. मला माझ्या किमतीची पडलेली नव्हती. थोड्याच वेळात झाकण उघडणार होतं, पोस्टमास्तर भिंग लावणार होते, आणि ज्या माणसाने आयुष्यात खोटं एक अक्षर उच्चारलं नाही तो सगळ्यांच्या देखत खोटा ठरणार होता. तेही स्वतःला काही ठाऊक नसताना. काकू अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांच्या बांगड्या टेबलाच्या कडेवर किणकिणत होत्या.

मागचा माणूस थकला. पोस्टमास्तरांचा आकडा उरला.

"पहिली वेळ!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "दुसरी वेळ!"

"थांबा."

आवाज काकूंचा होता.

"काकू, बोली चालू आहे."

"म्हणूनच थांबा म्हणते. नाण्यावर डाग आहे."

खुर्च्या एकदम करकरल्या.

"काहीतरीच काय बोलतेस!" काका म्हणाले. "कुठे आहे डाग?"

"बगळ्याच्या चोचीखाली. माझ्यामुळे पडलाय."

"कधी?"

"तुम्ही टेबलावर कोसळलात तेव्हा. पेटी उघडी होती. आधी मी टकटक केलं. मग टाळ्या वाजवल्या. तुम्ही उठेनात, तेव्हा ओरडले."

"काय ओरडलीस?"

"आता काय ओरडणार! अहो म्हणून ओरडले. तुम्हाला दुसरं काय म्हणते मी?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. काकांनी झाकणावरचा तळवा उचलून घेतला. मला धाकट्या भावाची आठवण झाली आणि वाटलं, आता या बाईचं काही खरं नाही.

"मी मरायला टेकलो होतो," काका हळू म्हणाले, "आणि तू टाळ्या वाजवत होतीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना!" काकूंचा आवाज एकदम फुटला. "डोळ्यांदेखत जात होतात तुम्ही, आणि मी नाण्याला जपत होते! या डागाचं मला काही वाटत नाही. त्या टाळ्यांचं वाटतं. अजून झोपेत ऐकू येतात मला."

कुणीतरी खुर्ची ओढली. काका तिच्यात धपकन बसले. मग त्यांनी घसा खाकरला.

"अध्यक्षबाई, हातोडा पडलेला नाही. माझा शब्द मी मागे घेतो. नाण्यावर डाग आहे."

"नोंद केली," बाई म्हणाल्या.

"माझा आकडा तोच राहील," पोस्टमास्तर म्हणाले. "डागासकट घेतो. जोडी तरी लागेल."

"ते मला नका विचारू," काका म्हणाले. "हिला विचारा."

"नाही विकायचं," काकू म्हणाल्या. विचार करायला त्या क्षणभरही थांबल्या नाहीत.

झाकण उघडलं. उजेड अंगावर आला आणि मला काकांचा चेहरा दिसला. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"कुठे आहे तो? दाखव मला."

काकूंनी त्यांचा अंगठा धरला, उघडा, हातमोज्याशिवायचा, आणि बगळ्याच्या चोचीखाली माझ्यावर टेकवला.

"अहो, हातमोजे! हातमोजे!" पोस्टमास्तर किंचाळले. घाबरून ते माझ्यावरच वाकले होते. त्यांचीही थुंकी उडाली ती वेगळीच.

मित्रांनो, मला तोवर माणसाचा हात कसा असतो ते ठाऊक नव्हतं. तो ऊबदार असतो. थोडा खरखरीत असतो. कापतही असतो. माझा आरसा त्या दिवशी कायमचा गेला. काकांनी अंगठा उचलला नाही, आणि खरं सांगतो, त्यांनी तो उचलू नये असंच मला वाटत होतं.

आता मी खिडकीपाशी उघड्यावर असतो. काका-काकू माझ्यासमोर बसून तासन्‌तास बोलतात, भांडतातसुद्धा. माझं अंग डागांनी भरलंय. कुठल्याही लिलावात मला आता कुणी उभं करणार नाही, आणि आरशासारखं ते रूप आठवलं की थोडं वाईटही वाटतं. खोटं कशाला बोलू?

तुमच्याकडे माझ्यासारखं नाणं असलं तर त्याला जपा. कडेने धरा, ओल लागू देऊ नका, दातांच्या पावडरीने तर चुकूनही घासू नका. पण पेटी उघडी असताना समोरचं माणूस कोसळलं, तर आमच्याकडे बघत बसू नका. टाळ्या वाजवू नका. ओरडा, चांगलं आमच्या तोंडावर ओरडा. आम्हाला डाग पडेल. पडू दे.