तीन पांढरे डबे

कोंडीबाचे कान टीबीने नेले नाहीत, टीबीच्या इंजेक्शनांनी नेले. आठ महिने रोज एक सुई. छाती साफ झाली, खोकला गेला, आणि एका सकाळी त्याची बायको मालनबाई न्हाणीत बादली आपटताना दिसली पण आवाज आला नाही. वीज मंडळात एकतीस वर्षं लाइनमन म्हणून काढलेला माणूस तो. तारेच्या गुणगुणण्यावरून फॉल्ट कुठंय ते सांगायचा. कानात घालायची मशीन आणली, दुसरी आणली, दोन्हींतून नुसती खरखर. शेवटी दोन्ही कपाटात गेली.

पुढची सहा वर्षं घरात त्याच्याशी वहीतून बोलणं झालं. सुरज, त्याचा मुलगा, दोन शब्द लिहायचा. 'जेवा.' 'उद्या दवाखाना.' लांबलचक कोण लिहिणार? आजूबाजूला माणसं तासन् तास बोलायची, हसायची, भांडायची. कोंडीबा त्यांच्या तोंडांकडे बघत राहायचा, आणि फार झालं की उठून केळीत पाणी बघायला जायचा.

मग नांदेडला नर्स असलेली त्याची मुलगी निता जयंतीला माहेरी आली आणि तिने त्याच्या फोनमध्ये एक ऍप टाकलं. समोर कोणी बोललं की ते मराठीत लिहून दाखवणारं. फोन टेबलावर ठेवला, मालनबाई दारातून काहीतरी म्हणाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "याला काही कळून राहिलं का नाही?"

कोंडीबा म्हणाला, "कळून राहिलं ना!" आणि लहान लेकरासारखा रडला. मालनबाईही डोळ्याला पदर लावून बसली.

ऍपच्या चुका व्हायच्या. सुनेचं नाव करुणा, ते दर वेळी 'कोरोना' उमटायचं. "कोरोना चहा घेऊन ये" असं वाचून कोंडीबा एकटाच खदखदायचा. पण त्याला नेट लागायचं. घर डोंगरकड्याच्या अलीकडे, केळीच्या बागांमधल्या खोलगट भागात. मोबाइलची रेंज घरात कधी यायची कधी नाही. सुरज स्पर्धा परीक्षांचे ऑनलाइन वर्ग घ्यायचा म्हणून त्याने केबल ओढून घेतली होती, आणि कंपनीने दिलेला काळा राउटर समोरच्या खोलीत टांगला होता. त्या राउटरच्या जिवावर कोंडीबा पुन्हा माणसांत आला.

आला तो सगळ्याच बोलण्यात आला, आणि तिथेच बिनसलं. सहा वर्षांत घराला त्याच्यासमोर काहीही बोलायची सवय लागली होती. आता त्याने फोन टेबलावर ठेवला की तोंडं बंद व्हायची. शिवाय ते ऍप बोललेलं तीन दिवस साठवून ठेवायचं, आणि कोंडीबाला ते मागे सरकवून वाचायचा नाद लागला. एकदा करुणा बहिणीशी फोनवर बोलत होती आणि त्याचा फोन शेजारच्या फळीवर पडून होता. रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "मंगळवार. दुपारी सव्वादोन. मामाची ताटली मी अजून येगळीच ठेवते बाई, कोणाला सांगू नको."

करुणाच्या हातातली पोळी तशीच राहिली. सुरजने मान खाली घातली.

"सहा वर्षं झाली मला बरं होऊन," कोंडीबा म्हणाला. "डाक्टरचा कागद दाखवू का?"

त्याचं बोलणं खरं होतं. पण ते बोलताना त्याला जरा मजाही आली होती, आणि ती मजा सगळ्यांना दिसली. त्यानंतर महिन्याभरात त्याने असं चार-पाच वेळा केलं. वार सांगायचा, वेळ सांगायची, वाक्य वाचायचं.

पावसाळा संपता संपता सुरजने तीन पांढरे डबे मागवले. लाडूच्या डब्याएवढे, गुळगुळीत. त्याने वहीत नीट समजावून लिहिलं, कधी नव्हे ते पानभर. वरच्या खोलीत कंपनीच्या राउटरची रेंज पोचत नाही, वर्ग मधेच तुटतो, पोरं दुसरीकडे जाऊन राहिली. आता कंपनीचा राउटर काढायचा. एक डबा समोरच्या खोलीत, एक मधे, एक वर. तिन्ही मिळून घरभर एकच नेट.

कोंडीबा वाचून खूश झाला. "मधला कुठं ठेवायचा?"

'तुमच्या खोलीत,' सुरजने लिहिलं. 'तिथून बराबर जिन्यात पोचते.'

काम कोंडीबानेच केलं. सासष्ट वर्षांचा माणूस शिडीवर चढला, ड्रिलने भिंतीला भोकं पाडली, पट्टीतून वायर नेली, आपल्या खाटेच्या वरच्या कोनाड्यात प्लग बसवला. एक वायर तिरकी दिसू दिली नाही. सुरज खाली मोबाइलमध्ये काहीतरी दाबत होता. तिन्ही डब्यांवरचे दिवे लाल झाले, पिवळे झाले, मग हिरवे. काळा राउटर करुणाने पिशवीत घालून माळ्यावर टाकला.

सुरजने बापाच्या फोनमध्ये नवा पासवर्ड टाकून दिला. वर वायफायची निशाणी आली. कोंडीबाने ऍप उघडलं, मालनबाईला म्हणाला, "बोल काहीतरी."

मालनबाईचे ओठ हलले. पडद्यावर काही आलं नाही. खाली बारीक अक्षरं होती: इंटरनेट उपलब्ध नाही.

सुरजने फोन घेतला, उलटसुलट केला, आणि वहीत लिहिलं, 'फोन जुना झाला बाबा. नवीन डबे जुन्या फोनला ओळखत न्हाईत.'

कोंडीबाने मान हलवली. आयुष्यभर त्याने लोकांना सांगितलं होतं की जुनी वायर नवा लोड घेत नाही. त्याला ते पटलं.

बारा दिवस तो गप्प बसला. खाटेवर पडलं की डोक्यावर हिरवा दिवा. समोर करुणा आणि मालनबाई गवारीच्या शेंगा मोडत बोलायच्या, पूर्वीसारख्या, भरभरून. त्याला वाटलं, घर पुन्हा मोकळं झालंय, बरंय. मग वाटलं, काय बोलत असतील?

तेराव्या दिवशी तो फोन खिशात घालून गावात चालत गेला. बस स्टँडजवळ शिवशंकरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. "मी बहिरा हाय," कोंडीबा आधीच म्हणाला, "हा फोन नवीन डब्यावर चालत न्हाई. याला काही करता येतं का बघ."

शिवशंकरने फोन आपल्या दुकानाच्या नेटला जोडला. ऍप उघडलं. आणि त्याचे ओठ हलता हलता पडद्यावर अक्षरं धावायला लागली.

"काका फोन तर एकदम चांगला आहे."

कोंडीबाने खुर्ची पुढे ओढली. "मग घरी काहून चालत न्हाई?"

शिवशंकरने डबे कोणते, कसे, ते विचारलं. कोंडीबाने सांगितलं. मागे कोणीतरी चहावाल्याला हाक मारली, तेही उमटलं: "दोन कट दे रे." शिवशंकरने समोरच्या स्क्रू-ड्रायव्हरशी चाळा केला. कोंडीबा म्हणाला, "सांग ना लेका."

"काका त्या डब्याचं ऍप ज्याच्या मोबाइलमध्ये असते त्याला सगळे फोन दिसतात. कोणाचं नेट चालू ठेवायचं कोणाचं थांबवायचं ते तो ठरवतो. तुमच्या फोनचं कोणीतरी थांबवलं असेल. चुकून पण होते."

"चुकून?"

"होते कधी कधी," शिवशंकर म्हणाला, आणि नजर वळवली.

कोंडीबाने ते वाक्य दोनदा वाचलं. तो घरी आला तेव्हा दुपार होती. जिन्यावर सुरजच्या चपला दिसत होत्या, म्हणजे वर वर्ग चालू होता. मालनबाई आणि करुणा ओट्यावर होत्या. तो सरळ आपल्या खोलीत गेला, खाटेवर उभा राहिला आणि कोनाड्यातला प्लग उपटला.

अर्ध्या मिनिटात सुरज जिना उतरून आला. तोंड लाल, हात हवेत. दोघी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सुरज काय ओरडत होता ते कोंडीबाला कळत नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती.

"माझा फोन तू बंद केला का?" त्याने विचारलं. आपला आवाज किती चढलाय याचा त्याला अंदाज नव्हता. करुणा दचकून मागे सरली.

सुरजचे हात खाली आले. खोटं लिहावं का, असं क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्याने खुंटीवरची वही काढली.

'व्हय. मीच केला.'

"काहून?"

या वेळी सुरजने थांबून थांबून लिहिलं. 'तुमी फोन ठेवला की घरात कोणी बोलत न्हाई. बोललं तर तीन दिवसांनी तुमी वाचून दाखवता. करुणा दोनदा माहेरी निघाली व्हती. मागची सहा वर्षं घर शांत व्हतं.'

"शांत व्हतं," कोंडीबा म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिलं. "तुला ठाऊक व्हतं?"

मालनबाई पुढे आली. तिला लिहिता येत नव्हतं तेव्हा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, कोंडीबानेच तिला पाटीवर अक्षरं गिरवून शिकवली होती. तिने सुरजच्या हातातून पेन घेतलं, वही भिंतीला टेकवली आणि एकेक अक्षर जोडत लिहिलं.

'मीच मनले सुरजला. आमालाबी बोलायच आसत.'

कोंडीबा खाटेवर बसला. मग त्याने फोन काढला, ऍपमधलं बोलणं साठवायचं बटण शोधलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ते बंद करून टाकलं. "बघा. गेलं. इथून पुढं काहीच ठेवत न्हाई. वाचून दाखवणार न्हाई. नुसतं ऐकीन. करुणाबाई, माझं चुकलं. पण मला एवढं राहू द्या."

सुनेला बाई म्हणून हात जोडायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. करुणाने जमिनीकडे पाहिलं.

तिघं ओट्यावर जाऊन काही बोलली. परत येऊन सुरजने लिहिलं, 'रोज सात ते आठ. तेवढा येळ चालू करतो.' मग त्याने प्लग जागेवर लावला आणि वर्गासाठी वर गेला.

पहिल्या संध्याकाळी कोंडीबाने हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि सातला पाच कमी असताना समोरच्या खोलीत येऊन बसला. सातला सुरजने मोबाइलवर बोट टेकवलं. पडद्यावर आलं: ऐकत आहे.

मालनबाई तांदूळ निवडत होती. करुणा मेथीची पानं खुडत होती. सुरज खुर्चीत. कोणी बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली, ती पडद्यावर आली: शिट्टी. बाहेर ट्रॅक्टर गेला: वाहनाचा आवाज. पाऊण तास झाल्यावर करुणा फोनकडे वाकून, परीक्षेत उत्तर सांगावं तशी म्हणाली, "मामा चहा घेता का?"

"घेतो," कोंडीबा म्हणाला. घाईने, हसून. "तुमी बोला ना. माझ्याशीच बोलायला पाहिजे असं न्हाई. आपसात बोला."

मालनबाईने मान डोलावली आणि खडे वेचत राहिली. आठला सुरजने बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी मेथीच्या जागी पालक होता. सुरज म्हणाला, "आज ऊन जास्त होतं." मालनबाई म्हणाली, "हो." तिसऱ्या दिवशी कोंडीबानेच विषय काढले. केळीला भाव कसाय, निताचा फोन आला का, शेजारच्यांच्या पोरीचं ठरलं का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आलं, एका ओळीचं, शुद्ध, स्वच्छ, ऍपची एकही चूक नसलेलं. इतकं सावकाश बोलत होते ते. चौथ्या दिवशी साडेसातला मालनबाई उठून न्हाणीकडे गेली, मागोमाग करुणा गेली, आणि दोघी आठ वाजेपर्यंत आल्या नाहीत.

पाचव्या दिवशी तो नेहमीच्या खुर्चीत बसला. पडद्यावर 'ऐकत आहे' होतं. समोर तिघं होती. करुणाला काहीतरी सांगायचं होतं. तिचे ओठ दोनदा विलगले, तिने फोनकडे पाहिलं आणि ओठ मिटले. मालनबाईने सुरजकडे पाहिलं, सुरजने भिंतीवरच्या घड्याळाकडे. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. कोंडीबालाही घड्याळ दिसत होतं. अजून अठ्ठेचाळीस मिनिटं ही माणसं अशीच बसणार होती, दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखी. या बाईबरोबर आपण त्रेचाळीस वर्षं काढली, आणि ही आता आपण उठायची वाट बघून राहिली, हे त्याला त्या बारा मिनिटांत स्वच्छ दिसलं.

"सुरज," तो म्हणाला, "बंद कर."

सुरजने भुवया उंचावल्या.

"बंद करून टाक म्हणलं. उद्यापासून चालूच करू नको."

एखादवेळेस तो नाही म्हणेल, असं कोंडीबाला वाटलं होतं. निदान मालनबाई तरी हात वर करेल. सुरजने मोबाइल उचलला, बोट टेकवलं, मोबाइल परत मांडीवर ठेवला. कोंडीबाच्या पडद्यावरची अक्षरं गेली.

करुणा लगेच बोलायला लागली. दोन्ही हातांनी, मान हलवत, मघापासूनचं साचलेलं. सुरज मधेच काहीतरी बोलला. मालनबाईने तांदूळ निवडायचं सूप बाजूला सारलं, तोंडावर पदर धरला आणि हसता हसता पुढे वाकली.